पिशवीतली सगळ्यात स्वस्त गोळी

वर्धा जिल्ह्यात तळेगाव म्हटलं की ‘कोणतं?’ असा प्रश्न येतोच. वर्धा तालुक्यात तळेगाव (टालाटुले) आहे. आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, तळेगाव (श्यामजी पंत) आहे. पेपरवाले जागा वाचवायला कंसात नुसतं ‘श्या. पं.’ छापतात आणि जिल्ह्यातल्या माणसाला तेवढं पुरतं. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र हा कंस राहून चालत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २०१० पासून अख्ख्या जिल्ह्याची कर्करोग नोंदणी चालते. उपचार नागपूरला घ्या, सावंगीला घ्या नाहीतर मुंबईला. पत्ता वर्धा जिल्ह्याचा असेल तर नोंद इथल्या वहीत यावी, अशी ती पद्धत. वय, गाव, अवयव, निदानाची तारीख. पुढे कधीतरी मृत्यूची तारीख. या दोन तारखांच्या मधे बाई कशी जगली, याला वहीत रकाना नाही. वहीचा त्यात दोष नाही, तिचं काम वेगळं आहे. मला लिहायचंय ते त्या मधल्या वर्षांबद्दल.

माझी मावशी ‘श्या. पं.’ कंसातल्या तळेगावची. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, आठ किमो झाले, आधी चार ‘लाल औषधा’चे आणि नंतर चार पांढऱ्या सलाइनचे. मग शेक. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. हे सगळं आटोपून दीड वर्ष झालं होतं तेव्हा, दिवाळीच्या तोंडावर, मी तिच्याकडे गेले. संत्र्याचा आंबिया बहार उतरत होता, कपाशी फुटली होती, वेचणीआधीची सीतादहीची पूजा व्हायची होती. चहा झाल्यावर मावशीनं खुंटीची कॅरीबॅग काढली आणि माझ्यासमोर सतरंजीवर उपडी केली.

“पाहून सांग बरं, यातली कोणती गोयी लागते न् कोणती नाही लागत. पेपरात लिहिते ना तू.”

पेपरात लिहिणाऱ्या बाईला गोळ्या कळतात हा तिचा समज मी तिथं मोडला नाही. मोजल्या. नऊ प्रकार निघाले. कॅल्शियमच्या पांढऱ्या मोठ्या गोळ्या. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी, तीही दोन वेगवेगळ्या नावांची, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली. बी कॉम्प्लेक्स. मुंग्यांसाठी मिथाइलकोबालमिन, म्हणजे बी-१२. ‘अँटिऑक्सिडंट’ असं ठळक छापलेल्या तपकिरी कॅप्सुला. केसांसाठी बायोटिन. पुतण्यानं ऑनलाइन मागवलेल्या हळदीच्या कॅप्सुला, मिरीचा अर्क घातलेल्या. प्रोटीन पावडरचा डबा, त्यावर धावणाऱ्या पुरुषाचं चित्र. आणि तळाशी, कोपरे दुमडलेली, टॅमॉक्सिफेनची एक पट्टी.

या नऊ जिनसांत सगळ्यात स्वस्त ती पट्टी. एका गोळीला टपरीवरच्या कटिंगपेक्षा कमी पैसे पडतात. आणि पिशवीत कर्करोगावरचं म्हणावं असं औषध तेवढं एकच होतं. मावशीनं ते चार महिन्यांपूर्वी बंद केलं होतं.

“त्या गोयीनं अंगाची नुसती आग होते व माय. रात्री पांघरूण फेकून द्या लागते. बाकीच्या गोयांचा काही तरास नाही, म्हणून त्या चालू ठेवल्या.”

तिचं तर्कशास्त्र मी परत परत तपासलं आणि मला त्यात चूक सापडेना. घरातली कुठलीही शहाणी बाई असंच करील. जे त्रास देतं ते बंद, जे गुमान पोटात जातं ते चालू. नऊ गोळ्यांमधला फरक तिला कोणी सांगितलाच नव्हता. सगळ्या एकाच पिशवीत होत्या, बहुतेक एकाच केमिस्टकडून आलेल्या, आणि एकीचंही नाव मराठीत नव्हतं.

टॅमॉक्सिफेनची कहाणी गमतीची आहे. १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी हे रसायन बनवलं ते गर्भनिरोधक शोधताना. गर्भनिरोधक म्हणून ते फसलं. पण ज्या गाठींना वाढायला इस्ट्रोजेन लागतं, त्या गाठींच्या पेशींवरची इस्ट्रोजेनची जागा हे रसायन अडवून बसतं, हे पुढे लक्षात आलं. अशा गाठी असलेल्या बायकांनी पाच वर्षं ही गोळी घेतली तर रोग उलटण्याचा धोका चाळीसएक टक्क्यांनी आणि स्तनाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होतो. जगभरच्या चाचण्या एकत्र करून हे आकडे निघालेत. काहींना दहा वर्षंही देतात. मावशीच्या पिशवीतल्या बाकीच्या आठ जिनसांपैकी एकीच्याही मागे असा पुरावा नाही. आणि गोळी अर्ध्यात सोडणारी मावशी काही एकटी नाही. जगभर हेच रडगाणं आहे: किमो सगळ्या पूर्ण करतात आणि घरी आल्यावर रोजची गोळी सुटते.

‘ताकदीची गोळी’ हा शब्द विदर्भातल्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात बसा, तासाभरात दहादा ऐकू येतो. “ताकदीची काही लिहून द्या ना डॉक्टरसाहेब.” त्याचा थोरला भाऊ म्हणजे सलाइन. डॉक्टरांची बाजूही मी ऐकली आहे. बाहेर दोनशेची रांग. बाई सांगते, अंग गळून जातं, पाय जळतात, झोप नाही, चिडचिड होते, सांधे धरतात. यातल्या प्रत्येक तक्रारीला बसून बोलायचं तर वीस मिनिटं लागतील. बी कॉम्प्लेक्स लिहायला पाच सेकंद. शिवाय न लिहिलं तर बाईला वाटतं, आपलं ऐकलंच नाही. म्हणजे ती गोळी ‘ऐकलं बरं का’ अशी पावती असते. मला या व्यवहारात कोणालाच खलनायक करता येत नाही. पण पावतीचे पैसे बाईच्या कनवटीचे जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किमो, शेक बसतात. ताकद बसत नाही. ती रोखीनं घ्यावी लागते.

आपल्या भाषेनंही यात थोडा हातभार लावलाय असं मला वाटतं. कासिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये जो शब्द काढला त्याचा मराठीत ‘जीवनसत्त्व’ झाला. जीवनाचं सत्त्व! हा शब्द ऐकून कोण म्हणेल की हे जास्त घेतलं तर वाईट? ‘ड’ जीवनसत्त्वाला कोणी ‘ड-क्षार’ म्हणालं असतं तर मावशीनं ते इतक्या भक्तिभावानं गिळलं नसतं.

वर्ध्याला या सत्त्वाची चर्चा नवी नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये निघाला आणि त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत पडलं. पुढच्या वर्षी गांधीजी तिथं राहत होते आणि ‘हरिजन’मधून गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ, हातसडीचा तांदूळ, गूळ, साखर, जात्यावरचं पीठ यांचा काथ्याकूट चालला होता. त्यांनी डॉक्टरांची मतं मागवली. मगनवाडीत कच्च्या पालेभाज्यांचे, सोयाबीनचे प्रयोग झाले, आणि जेवणाऱ्यांनी ते कितपत आनंदानं खाल्ले याबद्दल मला शंका आहे. मुद्दा पक्का होता. तांदूळ पॉलिश केला की कोंड्याबरोबर बी-१ जातं, आणि त्याच्या अभावानं बेरीबेरी होतो. मगनवाडीला सत्त्व परत मिळवायचं होतं ते कोंडा न काढून. आज आपण पांढरा तांदूळ खातो आणि कोंड्यातलं सत्त्व लाल-पिवळ्या कॅप्सुलीत विकत घेतो.

उणीव असेल तर ती भरून काढणं हे जीवनसत्त्वांचं खरं काम, आणि त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. उणिवा आपल्याकडे आहेतच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेडं, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती अशा तिन्हीकडच्या पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा साधारण दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. मांस-अंडी न खाणाऱ्या, दूध चहापुरतं घेणाऱ्या बाईत ते कमी असण्याची शक्यता दांडगी. वर ती मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असेल तर आणखी. अशा बाईला तपासणी करून बी-१२ दिलंच पाहिजे. ‘ड’चंही तसंच, ऊन वर्ध्याइतकं कुठे नसेल, पण ते अंगावर पडायला अंग उघडं लागतं.

गडबड सुरू होते ती ‘उणीव भरली की बरं वाटतं, तर जास्त घेतलं की आणखी बरं वाटेल’ या पुढच्या पायरीवर. या पायरीवरून भलेभले घसरले. लायनस पॉलिंग हे दोन नोबेलचे धनी. त्यांनी आणि स्कॉटलंडच्या यूअन कॅमेरॉन यांनी १९७६ मध्ये जाहीर केलं की रोज दहा ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिलेले कर्करोगाचे रुग्ण जास्त जगले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९७९ आणि १९८५ मध्ये नीट चाचण्या केल्या, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. फायदा दिसला नाही. दहा ग्रॅम म्हणजे किती, हे तळेगावच्या हिशेबात सांगायचं तर वीस किलोंहून जास्त संत्र्याचा गर, रोज. बाईची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅम धरतात. ती दोन-तीन संत्र्यांत भागते.

मग बीटा कॅरोटिन आलं. गाजर, पपई खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असं दिसत होतं, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटिनची आणि ‘ई’ जीवनसत्त्वाची गोळी तपासली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतली तसलीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली; तिथं वाढ २८ टक्के होती. गाजरात जे गुणाचं होतं ते गोळीत भरल्यावर उलटलं. यानंतर तरी तपकिरी कॅप्सुलांचा बाजार बसायला हवा होता. बसला नाही.

स्तनाच्या कर्करोगाच्या बायकांचं काय? इथं दोन अभ्यास एकमेकांसमोर उभे आहेत. शांघायमध्ये ४,८७७ बायकांचा पाठपुरावा झाला. निदानानंतरच्या सहा महिन्यांत जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू आणि रोग उलटणं दोन्ही थोडं कमी दिसलं. हे २०११चं. उलट अमेरिकेत एका किमोच्या चाचणीतल्या १,१३४ जणींना विचारलं गेलं. त्यात किमोच्या आधी आणि किमो चालू असताना अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत रोग उलटण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त आढळलं. हा आकडा संख्याशास्त्राच्या काठावरचा होता, पण दिशा बरी नव्हती. बी-१२ घेणाऱ्यांतही निकाल वाईट दिसला. साध्या मल्टिव्हिटॅमिननं ना फायदा, ना तोटा.

खरं कोण? दोन्हीकडे बायकांनी गोळ्या आपापल्या मनानं घेतल्या होत्या. आपणहून जीवनसत्त्वं घेणारी बाई बहुधा जास्त शिकलेली, जास्त पैसेवाली, तब्येतीला जपणारी असते. ती जगली ते गोळीमुळे की बाकीच्यामुळे? आणि उलट, बी-१२ घेणाऱ्या कदाचित आधीच जास्त अशक्त असतील. म्हणून यातला एकही अभ्यास उचलून घाबरायचं नाही आणि नाचायचंही नाही. पण किमो आणि शेक चालू असताना अँटिऑक्सिडंट टाळा, असं बहुतेक कर्करोगतज्ज्ञ सांगतात, त्यामागची शंका समजण्यासारखी आहे. शेक आणि काही किमो औषधं पेशीत दाहक कण तयार करून तिला मारतात. अँटिऑक्सिडंट हेच कण विझवतं. कपाशीवर सकाळी फवारणी केली आणि दुपारी पाऊस आला तर काय होतं, हे मावशीला सांगायची गरज पडली नाही. मी अर्ध्यात असतानाच ती म्हणाली, “म्हणजे धुऊन गेलं.” निदान धुऊन जाण्याची भीती आहे, एवढं मी दुरुस्त केलं.

आता जगण्याची गोष्ट. डॉक्टर मंडळी तिला ‘जीवनमान’ किंवा ‘जीवनाची गुणवत्ता’ म्हणतात आणि ती मोजायला त्यांच्याकडे प्रश्नावली असते. युरोपातल्या एका कर्करोग संशोधन संघटनेची तीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर चालते, मराठीतही आहे. तिचा पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सूटकेस उचलताना त्रास होतो का अशा धर्तीचा आहे. मावशीनं जन्मात सूटकेस उचललेली नाही. तिचं उचलणं म्हणजे हंडा, कापसाचं गाठोडं आणि नातू. तरी प्रश्नावली वाईट नाही. थकवा, झोप, भूक, दुखणं, पैशाची ओढाताण, सगळं वेगवेगळं विचारते. ‘ताकद’ या एका शब्दात मावशीनं जे कोंबलंय ते ती सुटं करते. ते सुटं केलं की दिसतं, एकेका तक्रारीचं औषध निराळं आहे आणि त्यातलं फार थोडं जीवनसत्त्वाच्या बाटलीत आहे.

थकवा घ्या. कर्करोगानंतरचा थकवा म्हणजे दिवसभर निंदून आल्याचा थकवा नव्हे. तो झोपून जात नाही. त्यावर को-एन्झाइम क्यू-१० नावाची महाग गोळी फार चालते. स्तनाच्या कर्करोगाच्या २३६ बायकांत ती रीतसर तपासली गेली, २०१३ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनी थकव्यात फरक नाही, जीवनमानातही नाही. आधी रक्त तपासून पंडुरोग आहे का, थायरॉइड बिघडलंय का, हे पाहायचं. त्यांना औषध आहे. बाकी थकव्यावर सगळ्यात जास्त पुरावा ज्या उपायामागे उभा आहे तो ऐकून मावशी हसली. चालणं. दमलेल्या बाईला चाल म्हणायचं! पण हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, थोडी ताकदीची कसरत, योग, यांनी थकवा उतरतो हे पुन्हा पुन्हा दिसलंय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं तर ८५० बायकांत योगाची रीतसर चाचणी केली आणि २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडली. जीवनमान सुधारलंच, रोगमुक्त राहण्याचं प्रमाणही बरं दिसलं. डोंगराएवढा दावा करू नये, पण क्यू-१० पेक्षा तरी स्वस्त आहे.

पायाच्या मुंग्या. हे त्या पांढऱ्या सलाइनचं, पॅक्लिटॅक्सेलचं देणं. मावशीचे तळवे रात्री जळतात आणि दिवसा बधिर असतात. बधिर पायांनी वावरात जाणं म्हणजे काय हे शहरातल्या पत्रकात लिहिलेलं नसतं. तुरीचं धसकट टोचलं तरी कळत नाही, चप्पल कधी गळून पडली कळत नाही. संध्याकाळी पाय धुताना रक्त दिसतं. बी-१२ कमी असेल तर ते भरून मुंग्या कमी होतील. कमी नसेल तर बी-१२ नं किमोच्या मुंग्या जातात असा भक्कम पुरावा नाही. ‘नसांची ताकद’ म्हणून खपणाऱ्या दुसऱ्या एका पदार्थाची, असिटिल-एल-कार्निटिनची, गोष्ट तर धडकी भरवणारी आहे. ४०९ बायकांना किमोबरोबर तो किंवा खोटी गोळी दिली. चोवीस आठवड्यांनी कार्निटिन घेणाऱ्यांच्या मुंग्या जास्त होत्या. हे २०१३ मध्ये छापलं गेलं, आणि नसांच्या मिश्रगोळ्यांच्या पट्टीमागे बारीक अक्षरात हे नाव अजूनही सापडतं. दुखऱ्या मुंग्यांना चाचणीत टिकलेलं औषध आहे ड्युलॉक्सेटिन, तेही डॉक्टरांनी पारखून द्यायचं. टॅमॉक्सिफेनबरोबर ते चालेल का, हे विचारूनच. आणि बंद बूट. मावशीला मी पुढच्या वेळी बूट नेले. “हे घालून वावरात गेली तर लोकं हासतीन,” ती म्हणाली. घातले मात्र.

आग आणि वाफा, ज्यांच्यामुळे खरी गोळी सुटली. यावर ‘ई’ जीवनसत्त्व द्यायची पद्धत होती. १९९८ मध्ये १२० बायकांत तपासलं तर दिवसाला साधारण एक वाफ कमी झाली. त्यासाठी वर्षानुवर्षं कॅप्सूल खायची की नाही, हे मी सांगत नाही. वाफांवर दुसरी औषधं आहेत. पण त्यातली काही मनाच्या आजारावरची असतात, आणि त्यांतली दोन-तीन, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन वगैरे, टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाचं रूप घेऊ देत नाहीत. म्हणून ‘मी टॅमॉक्सिफेन घेते’ हे वाक्य बाईनं प्रत्येक डॉक्टरला, दातांच्यासुद्धा, आधी सांगायचं असतं. मावशीला ते पाठ करायला दोन मिनिटं लागली. ती ‘टामोसीफन’ म्हणते, चालतं.

हाडं. इथं मात्र पिशवीतल्या दोन जिनसांना मान आहे. पाळी गेलेल्या बायकांना टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल अशा गोळ्या देतात. त्या अंगातलं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आणतात, आणि इस्ट्रोजेन गेलं की हाडं पोकळ व्हायला लागतात. तिथं कॅल्शियम आणि ‘ड’ लागतात, हाडांची घनता मोजावी लागते. पण ‘ड’ची साठ हजारांची पुडी आठवड्याची असते. मावशी दोन नावांच्या दोन पुड्या घेत होती, आणि गावातल्या एकीनं रोज एक घेतल्याचं तिनंच मला सांगितलं. ‘ड’ अंगात साचतं. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, किडनीवर ताण. लेट्रोझोलनं सांधे धरतात त्यावर ‘ड’चा ठाम उपयोग दिसलेला नाही. तिथंही पुन्हा व्यायामच जिंकतो. अमेरिकेत १२१ बायकांना वर्षभर व्यायाम दिला तर सांधेदुखी तीन दशांशांच्या आसपास उतरली.

बायोटिनबद्दल वाचलं तेव्हा मी स्वतः चकित झाले. केस परत येतात ते वेळेनं, बायोटिननं नव्हे. पण बायोटिनचा मोठा डोस रक्ताच्या काही तपासण्यांना फसवतो. थायरॉइड, हृदयविकाराची ट्रोपोनिन, हार्मोन, यांचे आकडे खोटे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. मावशीच्या बाबतीत पाळी खरंच गेली का, आता लेट्रोझोलवर न्यायचं का, हे हार्मोनच्या आकड्यांवर ठरणार होतं. केसांच्या हौसेनं हाडांचा निर्णय चुकला असता.

आणि हळद. वर्धा जिल्ह्यात हळदीविरुद्ध लिहायचं म्हणजे धाडस. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्यातलं कर्क्युमिन जास्त म्हणून तिचा भाव. वरणातली, भाजीतली, दुधातली हळद खुशाल खावी. मी तिच्याबद्दल बोलत नाही. पण पुतण्यानं मागवलेल्या कॅप्सुलीत कर्क्युमिनचा अर्क होता आणि तो अंगी लागावा म्हणून मिरीतलं पिपेरिन. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या सोळा बायकांत नेमकं हे मिश्रण तपासलं. रक्तातलं टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूप बारा टक्क्यांच्या आसपास घटलं. सोळाच बायका, छोटा अभ्यास. तरी पुतण्याचं प्रेम खऱ्या गोळीच्या पाटावर बसत होतं.

या कॅप्सुला मिळतात कशा, तर खाद्य म्हणून. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना असला की ते कायद्यानं अन्न. रोगावर गुण येतो हे औषधासारखं सिद्ध करायची जबाबदारी त्यावर नाही. मावशीच्या नवांपैकी तीन अन्न होती. सेवाग्रामच्या रुग्णालयानं स्वस्त जेनेरिक औषधांचा आग्रह धरून दाखवून दिलंय की कागदावरची यादी लहान करता येते आणि बिलही. पण यादी कमी करणारा डॉक्टर गावात ‘कंजूष’ ठरतो, हेही मी ऐकलंय.

हाताबद्दल कोणत्याच बाटलीत काही नव्हतं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, आणि मावशीला ‘त्या हातानं काही उचलायचं नाही’ असं कोणीतरी सांगून ठेवलं होतं. कोरडवाहू शेतातल्या बाईला असं सांगणं म्हणजे उरलेलं आयुष्य कॉटवर काढ म्हणण्यासारखं. २००९ मध्ये सूज असलेल्या १४१ बायकांना थोडं थोडं वाढवत वजन उचलायला लावलं. सूज वाढली नाही, उलट ती भडकण्याचे प्रसंग कमी झाले. एकदम जोर नको, तो हात कापू-भाजू द्यायचा नाही, पट्टा बांधायचा, सूज आली की दाखवायचं. हे ऐकून मावशीनं डाव्या हाताची मूठ दोन-तीनदा उघडली-मिटली. वेचणी दोन्ही हातांनी होते. दीड वर्ष ती एका हातानं वेचत होती आणि मजुरीच्या बायकांत मागं राहत होती. ‘ताकद’ मागत होती ती बहुधा याची.

तळेगावहून अमरावतीकडे निघालं की मोझरी लागते. तिथले तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानंच गेले आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. या पट्ट्यात हा आजार लपवायची लाज कदाचित त्यामुळे थोडी कमी आहे. “महाराजांले बी झाला होता,” असं मावशीची सासू सहज म्हणते. नाव घेता येतं. पुढच्या वर्षांबद्दल बोलायचे शब्द अजून तयार व्हायचेत.

पुढच्या फेरीत मावशीच्या डॉक्टरांनी पिशवी सतरंजीऐवजी टेबलावर उपडी करून घेतली. तपासण्या झाल्या. बी-१२ खरंच कमी निघालं, ते ठेवलं. कॅल्शियम ठेवलं, ‘ड’ची एक पुडी ठेवली. टॅमॉक्सिफेन पुन्हा सुरू, रात्रीऐवजी सकाळी घेऊन पाहा म्हणाले, वाफांना एक औषध दिलं. बाकी सगळं गेलं. प्रोटीनचा डबा रिकामा करून मावशीनं त्यात जवसाची चटणी भरली; धावणारा पुरुष अजून तिच्या शेल्फावर धावतोय.

“किती वर्षं घ्या लागते ही?” तिनं परत येताना गाडीत विचारलं. पाच तरी, मी म्हटलं. कदाचित जास्त. घरामागं काकांनी यंदा संत्र्याची नवी कलमं लावलीत. पहिला बहार धरायला त्यांनाही तेवढीच वर्षं लागतात. मावशीनं बोटांवर हिशेब केला.

“म्हणजे ह्यायले फय येईपर्यंत,” ती म्हणाली. “डिंक्या रोग नाही लागला पायजे फक्त.”